भरल्या गाडीचा फोकस

भंडारा जिल्हा तलावांचा. भंडारा शहर पितळी भांड्यांचं, तुमसर तांदळाच्या बाजाराचं. पवनीला जगन्नाथ टेकडीवर दोन हजार वर्षांहून जुना स्तूप आहे, १९६९-७० च्या उत्खननात उघडा पडलेला. हे सगळं मी नागपूरहून वाचून गेलो होतो. प्रत्यक्षात मी जिल्ह्यात बारकाईनं पाहिलेली एकमेव वास्तू म्हणजे एका ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानासमोरची राइस मिलची भिंत. तिच्यावर मात्र मी व्याख्यान देऊ शकतो.

कारण आमचे साडभाऊ. त्यांच्याकडे एमएच-३६ पासिंगची म्हातारी पिकअप आहे. हंगामात ती धान वाहते, दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे वाहते आणि पाहुणा आला की पाहुणा वाहते. दिवे लावलेत की नाहीत हे कळायला खाली उतरून पुढे जावं लागायचं. मी कॅबिनमध्ये बसताच साडभाऊ म्हणाले, "भाऊ, खड्डा दिसला की सांगा." मला रात्री दिसत नाही आणि दिवसा पाहायचा कंटाळा येतो, हे आमच्या दोन्ही घरांत सर्वांना ठाऊक आहे. तरी टेहळणी माझ्याकडेच.

त्यांच्या पोरानं यावर उपाय शोधला होता. त्यानं ऑनलाइन एलईडी बल्ब मागवून जुन्या होल्डरमध्ये बसवले होते. डब्यावर छापलेले आकडे खरे मानले, तर भंडाऱ्यातून नागपूर दिसायला हवं होतं. उजेड पडला, नाही म्हणत नाही. मोहाच्या फांद्यांवर पडला, ग्रामपंचायतीच्या फलकावर पडला, माझ्या चष्म्यावर पडला. फक्त रस्त्यावर पडला नाही. जुन्या दिव्याचा रिफ्लेक्टर हॅलोजनच्या बारीक तारेची जागा धरून घडवलेला असतो. तारेच्या जागी भलतीकडे चकाकणारी चिप आली की उजेड वाटेल तिकडे फेकला जातो. त्यात डिसेंबरातलं धुकं. तो पांढराफेक प्रकाश धुक्यावर आपटून आमच्याच तोंडावर परत यायचा.

कोक्याच्या जंगलाकाठच्या रस्त्यावर अचानक चार हिरवे गोळे चमकले. मी "वाघ!" म्हणून ओरडलो. वाघाला चार डोळे नसतात, हे नंतर सुचलं. बैलगाडी होती, तणसानं भरलेली. बैल जागीच थिजले. गाडीवरचा म्हातारा हात आडवा धरून ओरडला, "लाइट बुजव ना गा! बैलायच्या डोऱ्यात जाते!"

साडभाऊंनी दिवे बंद केले, मग इंजिनही बंद केलं. अंधारात नुसत्या घुंगरांचा आणि बैलांच्या श्वासांचा आवाज. डोळे सरावल्यावर दिसलं की तणसावर एक लहान मुलगी घोंगडीत गाढ झोपली आहे. म्हाताऱ्यानं उतरून बैलांना थोपटलं, कासरा धरून गाडी आमच्या बाजूनं काढली आणि जाता जाता आमच्या बॉनेटलाही थोपटलं. आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. मग साडभाऊ म्हणाले, "उद्या पवनी नाई. उद्या मिस्त्री."

भंडाऱ्याचा मिस्त्री कमी बोलणारा निघाला. त्यानं एलईडी काढून पोराच्या हातात ठेवले, जुने बल्ब परत बसवले आणि मीटर काढला. इंजिन चालू असताना बॅटरीवर चौदा व्होल्ट. दिवे लावून बल्बच्या होल्डरवर मोजले तर जेमतेम साडेदहा. "बाकीचे कुठं गेले?" मी विचारलं. त्यानं बोटानं वाट दाखवली: बॅटरीतून डॅशबोर्डच्या स्विचला, तिथून डिपरच्या स्विचला, तिथून बारीक, काळपटलेल्या वायरीतून होल्डरला आणि शेवटी गंजलेल्या अर्थला. साठ वॅटचे दोन बल्ब, म्हणजे दहा अँपियर करंट या सगळ्या अडथळ्यांतून ओढायचा. जागोजागी गळती. मी पाटबंधारे खात्यात फायली वागवल्या आहेत. धरण भरलेलं असूनही शेवटच्या शेतात पाणी का पोचत नाही, हे मला कुणी समजावून सांगायला नको. वर मिस्त्री म्हणाला की हॅलोजनचं व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड तीस टक्के पडतो. इथं तर पाव व्होल्टेज वाटेतच जिरलं होतं.

इलाज साधा होता. बॅटरीपासून थेट जाड वायर, बॅटरीजवळच फ्यूज आणि दोन रिले, एक अप्परचा आणि एक डिपरचा. जुन्या स्विचनं आता फक्त रिलेला इशारा द्यायचा, दिव्यांचा भार वाहायचा नाही. रंग खरवडून नवा अर्थ दिला, चंदेरी मुलामा उडालेले रिफ्लेक्टर बदलले आणि बल्ब मात्र साधेच, ६०/५५ वॅटचे हॅलोजन. मी १००/९० चे सुचवून पाहिले. "होल्डर वितळते जी," मिस्त्री म्हणाला, "अन् समोरचा शिव्या देते." आता होल्डरवर साडेतेरा व्होल्ट आले. पवनी उरकता येईल म्हणून मी घड्याळ पाहिलं.

"आता फोकस," मिस्त्री म्हणाला. "माल कुठं आहे?"

रिकाम्या पिकअपचा फोकस बसवला आणि मग तीत धान भरलं, तर मागचे पाटे दबतात, नाक वर होतं आणि डिपरसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो. म्हणून गाडीत वजन हवं. समोर मिल होती, मिलमध्ये चाळीस किलोचे कट्टे थप्पीला लावलेले होते. पण हमालांनी भरायची आणि उतरवायची अशी दोन्ही हमाली मागितली. साडभाऊंनी चहाच्या टपरीकडे पाहिलं. हा माल आपणहून चढतो आणि आपणहून उतरतो.

मग मिस्त्री माणसं मोजू लागला, कट्ट्यांच्या हिशेबानं. काडी पैलवान, एक कट्टा. दुकानाचा पोऱ्या, पाऊण. टपरीवाला, दोन. माझ्याकडे त्यानं जरा जास्त वेळ पाहिलं आणि जाहीर केलं, "साहेब, अडीच." टपरीवर हशा पिकला. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझं असं तत्काळ मूल्यमापन कुणी केलं नव्हतं. मला खास मागच्या फाळक्याला टेकून बसवलं. पंचवीस फुटांवर मिलच्या भिंतीवर दिव्यांच्या उंचीची खडूची रेघ होती. आम्ही बसताच उजेड रेघ ओलांडून मिलच्या पत्र्यावर गेला.

"साहेब, थोडे समोर सरका." उजेड खाली. "आता मागं सरका, फोकस नाई समजून राहिला." भंडाऱ्याच्या त्या संध्याकाळी मी इकडून तिकडे सरकत होतो आणि भिंतीवरचा प्रकाश माझ्याबरोबर वर-खाली होत होता. आयुष्यात माझ्या हालचालीचा कशावर इतका थेट परिणाम झालेला मला आठवत नाही.

तेवढ्यात एक हवालदार थांबले. "मालगाडीत माणसं?"

"गाडी उभी आहे साहेब," साडभाऊ म्हणाले, "अन् हा मालच आहे."

हवालदारांनी खडूची रेघ पाहिली, मला पाहिलं, मोटारसायकल स्टँडला लावली आणि बंपरसमोर उकिडवे बसून मिस्त्रीला सल्ला देऊ लागले. मिस्त्रीनं स्क्रू पिळून डिपरचा उजेड रेघेच्या चार बोटं खाली आणला तेव्हा अंधार पडला होता.

परतताना हायवेला लागलो. पूर्वीचा सहा नंबर, आता त्रेपन्न. रस्ता दिसत होता, खड्डे मला आधी दिसत होते. मात्र समोरून येणारी प्रत्येक दुसरी गाडी पांढरा वणवा लावून येत होती. आपण डिपर द्यावा, तर समोरचा उलट अप्पर मारतो. असल्या लोकांना एक रात्र तणसाच्या बैलगाडीवर पुढे बसवावं, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

मिस्त्रीचं बिल रिले, वायर आणि रिफ्लेक्टर धरूनही एलईडीच्या किमतीपेक्षा कमी झालं. पवनी राहिली, गोसीखुर्दचं धरण राहिलं, आंबागडचा किल्लाही राहिला. तुमची गाडी जुनी असेल आणि दिवे मंद वाटत असतील, तर बल्ब मागवण्याआधी होल्डरवर मीटर लावून पाहा. फोकस बसवायला जाताना माल भरूनच जा. अडीच कट्ट्यांसाठी मला बोलावू नका.