लिंकनची साडेसाती

लिंकन, नेब्रास्का
५ डिसेंबर २०२१

तीर्थरूप नाना व सौ. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे मजेत आहोत. फराळाचं पार्सल पोचलं. चकल्यांची वाटेत पुन्हा भाजणी झाली होती, पण चव तीच. गेल्या रविवारी फोनवर नाना म्हणाले, "तुमच्याकडे कोणी गेलंय का? सगळ्यांचे आवाज उतरलेत." कोणी गेलेलं नाही. आमच्या विद्यापीठाची फुटबॉल टीम आयोवाकडून हरली होती, एवढंच. पण इथे त्याचं सुतक धरतात, आणि यंदा बारा सामन्यांत नऊदा धरून झालं.

नाना, आधी इथली परिस्थिती समजून घ्या. नेब्रास्कात समुद्र नाही, सांगण्यासारखा डोंगर नाही, व्यावसायिक फुटबॉलची टीमही नाही. मका आहे आणि ही कॉलेजची टीम आहे, तिचं नावसुद्धा कणसं सोलणारे असंच. ३ नोव्हेंबर १९६२ पासून इथल्या मेमोरियल स्टेडियमचा प्रत्येक सामना हाउसफुल्ल जातोय. (कोविडच्या वर्षी प्रेक्षकच नव्हते, ते सोडा. यंदा काही तिकिटं उरायची चिन्हं दिसली, तर देणगीदारांनी ती घेऊन गरजू मुलांना वाटली, पण रेकॉर्ड मोडू दिलं नाही.) सामन्याच्या दिवशी ते स्टेडियम लोकसंख्येने राज्यातलं तिसरं शहर होतं. शेजारच्या आजींच्या दोन सीट त्यांच्या वडिलांकडून आलेल्या आहेत, सातबाऱ्यावर नाव लागावं तशा.

आता खेळ. नाव फुटबॉल, पण सगळं काम हाताचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. तीनदा जमलं नाही, तर चौथ्यांदा चेंडू लाथेने लांब उडवून शत्रूच्या ताब्यात द्यायचा, त्याला पंट म्हणतात. पायाचा संबंध अशा मोजक्या लाथांपुरता, आणि आमच्या टीमचं घोडं तिथेच पेंड खातं. चेंडू शत्रूच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेला की टचडाऊन. त्याचे सहा गुण, वर फार तर दोन. म्हणजे आठ गुणांपर्यंतचा पराभव हा एका टचडाऊनचा पराभव.

आमचे नऊ पराभव ऐका. ३०-२२, २३-१६, २३-२०, ३२-२९, ३०-२३, २८-२३, २६-१७, ३५-२८, २८-२१. एक नऊ गुणांचा, बाकीचे आठ एका टचडाऊनच्या आतले. जिंकलेले तीन सामने मात्र ५२-७, २८-३ आणि ५६-७. वर्षभराची बेरीज केली तर आम्ही ३३५ गुण केले आणि समोरच्यांनी २७२. त्रेसष्ट गुण जास्त करून आम्ही बारापैकी नऊ हरलो! क्रिकेटसारखा नेट रनरेट असता तर एव्हाना पेढे वाटले असते.

यावरून आमच्या घरात दोन तट पडले आहेत. तुमचे जावई विमा कंपनीत आकडेमोड करतात, त्यांच्या मते हा शुद्ध नशिबाचा खेळ. अटीतटीचा सामना म्हणजे छापा-काटा, आठ वेळा लागोपाठ काटा पडायची शक्यता २५६ मध्ये एक, आणि देशात वरच्या गटात १३० टीम आहेत, तेव्हा कधी ना कधी कोणाच्या तरी वाट्याला हे येणारच. शिवाय चेंडू लांबट. हातातून निसटून जमिनीवर पडला की कुठे उसळेल ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. चिरंजीवांनी विचारलं, "मग प्रॅक्टिस कशाला करतात?" त्याला अभ्यासाला बसवण्यात आलं.

मी या पक्षात नाही. नशीब एकदा दगा देईल, दोनदा देईल, पण दर वेळी त्याच भोकातून पाणी गळतंय. पहिलाच सामना इलिनॉयशी. समोरून पंट आला, आमच्या पोराने तो अगदी आपल्याच गोलरेषेजवळ झेलला, तिच्या मागे सरकला आणि आता धरतात असं दिसल्यावर चेंडू फेकून दिला. दोन गुण त्यांना बक्षीस. ओक्लाहोमाशी खेळताना आम्ही टचडाऊन केला आणि वरचा एक गुण घ्यायला लाथ मारली. ती अडली, त्यांच्या खेळाडूने चेंडू उचलून थेट पलीकडे नेला आणि आमच्या टचडाऊनवर दोन गुण त्यांनी घेतले. मिशिगन स्टेटला आमच्या बचावाने दुसऱ्या अर्ध्यात जवळजवळ हलूही दिलं नव्हतं. २०-१३ अशी आघाडी, शेवटची काही मिनिटं. आम्ही पंट मारला. आमची सगळी पोरं एका बाजूला धावली आणि चेंडू गेला दुसऱ्या बाजूला! तिथे त्यांचा गडी एकटाच उभा. तो बासष्ट यार्ड निवांत पळत गेला, बरोबरी झाली आणि जादा वेळेत आम्ही हरलो. यात शनी कुठे आला? नाचता येईना, अंगण वाकडं.

आयोवाचा सामना तर मी आजींच्या दुसऱ्या सीटवर बसून पाहिला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आम्ही २१-६ असे पुढे. आजींनी थर्मासमधली चिली काढली, बरोबर दालचिनीचा गोड रोल (इथे हे दोन्ही एकत्रच खातात, शाळेतही देतात, मी विचारणं सोडलंय). मग आमचा पंट. आयोवाचा एक गडी मधल्या फटीतून सरळ आत घुसला. लागोपाठ दोन आवाज आले, एक लाथेचा आणि दुसरा चेंडू अंगावर आदळल्याचा. दुसऱ्याने तो उचलला आणि टचडाऊन. आजी म्हणाल्या, "झालं." अजून जवळजवळ अख्खा क्वार्टर बाकी होता. २१ चे आमचे २१ च राहिले, त्यांचे २८ झाले. पण नाना, सामना संपल्यावर या माणसांनी आत जाणाऱ्या आयोवाच्या पोरांसाठी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तशी इथली रीतच आहे. आजींचे हातमोजे घातलेले हात, थप् थप्.

कोचचं नाव स्कॉट फ्रॉस्ट. इथलाच, वूड रिव्हर नावाच्या गावचा पोरगा. चार वर्षांत त्याने अटीतटीचे पंचवीस सामने खेळले, जिंकले पाच. जावईबापूंचं नाणं इथे थोडं गडबडतं. त्यांना विचारलं तर म्हणतात, "नमुना लहान आहे."

आणि खरी गंमत पुढेच आहे. हाच फ्रॉस्ट १९९७ साली या टीमचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा गडी, होता. त्या नोव्हेंबरात मिझुरीशी सामना, ३८-३१ ने मागे, शेवटचा चेंडू. त्याने पास फेकला, तो सहकाऱ्याच्या हाती न लागता खाली चालला. त्या सहकाऱ्याचा पाय लागून चेंडू पुन्हा वर उडाला आणि मॅट डेव्हिसन नावाच्या पोराने जमिनीवर झेपावत तो अलगद धरला. बरोबरी झाली, जादा वेळेत फ्रॉस्टनेच चेंडू घेऊन पळत टचडाऊन केला, ४५-३८. त्या वर्षी टीम एकही सामना हरली नाही आणि मिशिगनबरोबर राष्ट्रीय विजेती ठरली. त्या झेलाचा फोटो मी इथे किती दुकानांत पाहिला! पण "नशीब फळफळलं" असं म्हणणारा एकही माणूस मला अजून भेटलेला नाही. तेव्हा म्हणे जिगर होती. तोच चेंडू यंदा पायाला लागून उडाला असता तर ते नशीब.

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? ऑक्टोबरात दुबईला क्रिकेटमध्ये पाकिस्तानने आपल्याला हरवलं, तेव्हा तुम्ही फोनवर अर्धा तास टॉस आणि दव यांवर बोलत होतात. टॉस वाईट गेला हे खरंच, आणि दुबईत नंतर चेंडू टाकणाऱ्यांचे हाल झाले हेही खरं. पण हरलो दहा विकेटनी, नाना! दव पडतं, पण एकही विकेट न मिळण्याइतकं? आणि आपण जिंकतो तेव्हा हे दव कुठे असतं, ते मला एकदा सांगा.

विद्यापीठाने उपायही केला. नोव्हेंबरात फ्रॉस्टचा पगार पन्नास लाख डॉलरवरून चाळीस लाखांवर आणला आणि चार सहायक कोचना नारळ दिला. ते चौघे चढाईचे, म्हणजे टचडाऊन करवणारे. गळती लाथेत, हकालपट्टी हाताची. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आयोवाचं म्हणाल तर दहा सामने जिंकून ते आम्ही खेळतो त्या लीगच्या अंतिम सामन्यात पोचले. जावईबापू महिनाभर सांगत होते, यांचंही नशीबच आहे, उतरेल. काल मिशिगनने त्यांना ४२-३ असं धुतलं. आज सकाळपासून जावईबापू घरात छाती काढून फिरताहेत. त्यांना मी आठवण करून दिली की याच मिशिगनने आम्हाला फक्त तीन गुणांनी हरवलं होतं. तर म्हणाले, "तेच तर मी सांगतोय." मग मी चहा टाकला.

आता एक काम. मी बोलता बोलता आजींना सांगून बसले की माझे वडील पत्रिका बघतात. त्या कालपासून मागे लागल्या आहेत. तेव्हा टीमचा पहिला सामना लिहून घ्या: २७ नोव्हेंबर १८९०, स्थळ ओमाहा, १०-० ने विजय. जन्मवेळ मिळत नाही, दुपार धरा. पत्रिकेत साडेसाती निघाली तरी कृपा करून तसं कळवू नका, नाहीतर ही मंडळी ती संपायची वाट बघत बसतील. त्याऐवजी तुमच्या झोकदार अक्षरात लिहा की ग्रहशांतीसाठी रोज सकाळी अनवाणी शंभर पंट मारावेत. अनवाणी नको, इथे बर्फ पडतो. आणि दक्षिणा डॉलरमध्ये सांगा.

आईला सांगा, पुढच्या खेपेला चकली नको, शंकरपाळे पाठव.

तुमची,
छोटी