चाळ पडल्यावर आलेल्या संशोधकास अनावृत पत्र

प्रति,
मा. संशोधक महोदय, यांस

विषय: आमची चाळ आपणांस सापडत नसल्याबाबत.

महोदय,

गेल्या महिन्यात आपण वरळीला येऊन गेलात. खांद्याला कॅमेरा, हातात लेझरचा टेप आणि चेहऱ्यावर मयताला उशिरा पोचलेल्या पाहुण्याचा भाव. "बीडीडी चाळ नेमकी कुठे होती?" आपण विचारलंत. मी पत्र्याच्या कुंपणापलीकडे बोट दाखवलं. तिथे क्रेन होती. आपण क्रेनचा फोटो काढलात.

ही 'वास्तू' होती, हे आपल्याकडूनच कळलं. आम्ही आजवर 'रूम' म्हणत होतो. जिन्यावर प्लास्टर पडायचं तेव्हा ती धोकादायक होती. सगळीच पडल्यावर ऐतिहासिक झाली.

मूळ आराखड्याचं आपल्याला भारी कौतुक. ते आम्हालाही थोडंफार ठाऊक आहे. गव्हर्नर जॉर्ज लॉईडसाहेबांनी १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे बीडीडी, काढलं, कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला आणि कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायच्या ठरवल्या. झाल्या सोळा हजारांच्या आसपास. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी. त्यांतल्या १२१ एकट्या वरळीत. प्रत्येकीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. गिरण्या लांब, भाडं परवडेना, त्यामुळे वरळीतल्या कितीतरी खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या. माणसं आपणहून येईनात, म्हणून १९३०च्या कायदेभंगात सरकारने ती पकडून आणली. इथे तात्पुरता तुरुंगच केला. पुढे आमच्या आजोबांनी भाडं भरून तिथेच राहायला सुरुवात केली.

आपण आजीला "दारात जरा नैसर्गिक बसा" म्हणालात. दार तर नव्या इमारतीतल्या फ्लॅटचं, लिफ्टसमोरचं. ती बसली. चाळीत दोन्ही बाजूंना खोल्या आणि मधून अंधारा पॅसेज, त्यात भर दुपारी जळणारा बल्ब, सकाळी बादल्यांची रांग हे सगळं तिने सांगितलं. संडासच्या रांगेला आपण वहीत 'सामुदायिक जीवनशैली' लिहिलंत. मी खांद्यावरून वाचलं, माफी असावी. १९७४च्या जानेवारीत दलित पँथरच्या सभेनंतर पेटलेल्या दंगलीचं मात्र ती बोलली नाही. चाळीचा नंबर सांगितला की माणूस कोणातला ते कळायचं, तेही नाही. आपणही विचारलं नाहीत; आपल्याला जिन्याच्या कठड्याचं माप हवं होतं.

जुने फोटो मागितलेत. आहेत की! बारशाचे, साखरपुड्याचे, हळदीचे. पण प्रत्येकात भिंतीवर साडी लावलेली. चाळ दिसू नये म्हणून आम्ही एवढी मेहनत घेऊ आणि शंभर वर्षांनी कुणी चाळच शोधत येईल, हे कुणाला सुचणार?

आता मुद्द्याचं. या चाळींवर घरोघरी संशोधन झालेलं नाही, असं आपण खेदाने म्हणालात. महोदय, वरळीत जेवढं झालं तेवढं एखाद्या विद्यापीठात झालं नसेल. पुनर्विकासाचं भूमिपूजन २०१७ साली झालं, आणि ५०० चौरस फुटांच्या फ्लॅटसाठी 'पात्रता' हा शब्द आला. त्या दिवसापासून घरटी एक इतिहासकार तयार झाला. पलंगाखालच्या ट्रंका बाहेर निघाल्या. भाडेपावत्या, रेशनकार्डं, लाइटबिलं, मतदारयाद्या, मृत्यूचे दाखले. आमच्या आजोबांचं नाव पावतीवर रामचंद्र, रेशनकार्डावर रामा आणि गिरणीच्या पासावर रामजी. "हे तिघे कोण?" खिडकीमागच्या साहेबांनी विचारलं. मी स्टँपपेपरवर लिहून दिलं की सदर तिन्ही इसम एकच असून ते माझे आजोबा होत. खरं तर तिघे वेगळेच होते. रामचंद्र भाडं भरायचा, रामा गावच्या पाच जणांना खोलीत पाळीपाळीने झोपवायचा, आणि रामजी संपात घरी बसून विड्या ओढायचा. पण हे लिहायला अर्जात रकाना नव्हता.

आमच्या ट्रंकेला डांबरगोळ्यांचा वास. तळाशी वर्तमानपत्र, त्यावर तारखेवार लावलेल्या पावत्या, सुतळीने बांधलेल्या. गाठ आजोबांच्या हातची. फाइल करताना ती सुतळी मीच कापली. एकदा नव्हे, तीनदा कागद नेले. दर वेळी एक कागद कमी निघाला आणि दर वेळी आजीने तो कुठून तरी काढला. रद्दीवाल्याला तिने कधी चिटोराही दिला नव्हता. आम्ही हसायचो तिला.

ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या वाटल्या. त्यात आम्हीही. चाळीस मजली इमारत, दोन लिफ्ट सोडल्या तरी तिसरी येते, आणि शेजारी कोण ते अजून कळलेलं नाही. त्या पॅसेजची आठवण येते का, असं आपण हळव्या आवाजात विचारलंत. स्वतंत्र संडासात बसून कधीमधी येते.

तेव्हा पुढच्या खेपेस लेझर घरी ठेवून या. चहा मिळेल. ट्रंक दाखवू, पण दुपारी चारनंतर. तोवर आजी झोपलेली असते आणि किल्ली तिच्या कनवटीला.

आपला,
एक पात्र रहिवासी

सोबत: भाडेपावतीची झेरॉक्स, एक. मूळ प्रत मिळणार नाही.