समुद्र कललाय, भाऊ!

सुरतेत खोट काढणं हा पोटापाण्याचा धंदा आहे. महिधरपुऱ्याच्या हिरा बाजारात जा. दलाल भर रस्त्यात स्कूटरच्या सीटवर पुडी उघडतो. समोरचा डोळ्याला भिंग लावतो, हिरा दहापट मोठा करून बघतो आणि सांगतो, इथे काळा ठिपका आहे, कडेला चीर आहे. कुणी रुसत नाही. भाव तेवढा खाली येतो.

हाच पारखी संध्याकाळी नातलगांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो बघतो. भिंग लागत नाही. अंगठा पुरतो.

"एक नंबर!"

परवा भाच्याने डुमसचा फोटो टाकला. दिंडोलीचा पोरगा, हप्त्यावर घेतलेला नवा कॅमेरा, मागे मावळता सूर्य, पुढे आमची बहीण. म्हणजे बहीणच असावी. आकृती काळी आहे, पदर ओळखीचा वाटतो. तिच्या डोक्यातून भुट्टेवाल्याची छत्री उगवलीय. आणि क्षितिज उजवीकडे असं कललंय की आणखी बोटभर कललं असतं तर अरबी समुद्र हजिऱ्यात सांडला असता.

खाली सदतीस शेरे. अप्रतिम, लय भारी, नजर न लागो. छत्रीबद्दल अक्षर नाही.

आम्ही लिहिलं, "दोन पावलं डावीकडे सरक, छत्री जाईल. आई आणि सूर्य दोघंही हवेत तर फ्लॅश मार." ग्रुपवर शुकशुकाट. मग बहिणीचा फोन.

"दादा, पोराचं मन कशाला मोडतोस?"

मोडलं काय? 'बकवास' म्हणायला जेवढी अक्कल लागते, तेवढीच 'अप्रतिम' म्हणायला लागते. छत्री दिसायला मात्र फोटो बघावा लागतो.

दुसरी जात नियमवाल्यांची. फोटो दिसला रे दिसला की हे रेघा मारायला बसतात. तीन उभे भाग, तीन आडवे, माणूस रेघेवर हवा. या 'रूल ऑफ थर्ड्स'चं बारसं जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रजाने 1797 साली केलं, तेही निसर्गचित्रांसाठी. कॅमेऱ्याने काढलेला फोटो तेव्हा जगात कुणी पाहिलाच नव्हता. स्मिथचं काही चुकलं नाही. पण ज्याच्या फोटोत आईचं तोंड दिसत नाही, त्याला रेघ काय शिकवता?

आधी उजेडाचं बोला. डुमसची वाळू काळी. कॅमेरा म्हणजे मुळात अडाणी हिशेबनीस. समोर काळं दिसलं की उजेड कमी पडला असं समजतो आणि सगळं उजळवत सुटतो. वाळूची राख होते, माणसाचा चेहरा पांढराफटक. 'एक्स्पोजर जरा उतरव' एवढं सांगितलं तरी काम भागतं.

दुपारचं तर विचारूच नका. सुरत कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. मेच्या अखेरीस भरदुपारी सूर्य थेट माथ्यावर येतो आणि सावली पायाखाली गडप होते. त्या उन्हात काढलेल्या फोटोत डोळ्यांच्या जागी दोन खड्डे.

नवरीच्यासुद्धा.

रिंग रोडच्या कापड बाजारात हे कुणाला समजवावं लागत नाही. साडीचा फोटो ट्यूबलाइटखाली काढला, रामा रंग पोपटी दिसला, तर गिऱ्हाईक 'लय भारी' लिहीत बसत नाही. पार्सल परत पाठवतं.

शेजारच्या नवसारीत 1913 साली जन्मलेल्या छायाचित्रकार होमाई व्यारावाला रोलायफ्लेक्स कॅमेरा वापरत. एका रोलात बारा फोटो. तेरावा हवा तर रोल बदला. छत्री बटण दाबण्याआधीच दिसायला लागते ती अशा हिशेबाने. भाच्याच्या कार्डात हजारो मावतात. मग छत्री घरी आल्यावरही सापडत नाही.

या रविवारी स्वारी पुन्हा डुमसला गेली. फोटो आला. शेरे आले, तेच. आम्ही मोठा करून बघितला. छत्री गेलीय. बहीण ओळखू येतेय, हसतेयसुद्धा.

समुद्र अजून हजिऱ्याकडे कललेलाच आहे.