मातकट रंगाचा कुडता

मुंबईकर गावाकडे निघाला की आधी खरेदीला निघतो. सिल्वासाजवळच्या रांधा गावी चार दिवस राहायचं म्हणून आमच्या एका स्नेह्यांनी हातमागाचे जाड सुती कुडते घेतले, तेही खास मातकट रंगाचे. जुलैतल्या खऱ्या मातीने पहिल्याच दुपारी त्या रंगात दुरुस्ती केली. महागडे बूट बांधावर रुतले. पाय निघाले, बूट राहिले. शेजारच्या खाचरात वारली बाया गुडघ्यापर्यंतचं लुगडं कसून भात लावत होत्या. कापडाची लांबी चिखलाच्या खोलीवरून ठरते, हे ज्ञान मॉलमध्ये मिळत नाही.

खरी गंमत पुढेच. "कृत्रिम धागा मी अंगाला लावत नाही," असं ते टपरीवर सांगत असतानाच कारखान्याची बस थांबली. (सिल्वासाचा हा मुलूख देशभर ओळखला जातो तो पॉलिएस्टर धाग्यासाठी!) पाळी संपवून पोरं उतरली ती पॉलिएस्टरचेच टी-शर्ट घालून, भिजली, आणि चहा संपेतो निम्मी वाळलीही. स्नेह्यांचे कुडते तिसऱ्या दिवशीही दोरीवर ओलेच होते.

परतताना त्यांनी बाजारातून प्लॅस्टिकच्या काळ्या चपला घेतल्या. मुंबईत त्या अजून पिशवीतच आहेत.