नेम, नळी आणि नातेवाईक

आमच्या घराण्यात नेम चुकायला माणूस कधीच जबाबदार नसतो. पणजोबा ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या चाकरीत माळव्यातल्या अमझेऱ्याला आले, तेव्हापासूनची ही रीत. कॅरमची सोंगटी अडली तर पावडर दमट, पोराला गणितात कमी पडले तर तपासणारा झोपेत, आणि धाकट्या काकांची गोळी कागदाबाहेर गेली तर वारा. त्या दिवशी रेंजवर झाडाचं पान हलत नव्हतं. काका म्हणाले, "वरचा वारा असतो. तो दिसत नाही."

काकांची राइफल इशापूरच्या कारखान्याची, .315 ची. .303 हे फौजी माप, सामान्य माणसाला मना. म्हणून त्याच ठेवणीची पण वेगळ्या मापाची ही चीज सरकार विकतं. परवाना पीक संरक्षणाचा. रोज, म्हणजे नीलगायी, सोयाबीनमध्ये शिरतात हे खरं, पण त्यांच्यावर गोळी झाडायला वेगळी परवानगी लागते. त्यामुळे रोज निवांत चरतात आणि राइफलीला वर्षात दोनच कामं उरतात. खंडेनवमीला झेंडूची माळ घालून घ्यायची आणि निवडणूक लागली की ठाण्यात जमा व्हायचं. आपल्याकडे निवडणुकांना काही तोटा आहे का? विधानसभा, लोकसभा, पंचायत, नगरपालिका. काकांपेक्षा ठाण्याच्या मालखान्यालाच तिचा लळा जास्त.

पाच गोळ्या पाच दिशांना गेल्यावर घरात निदानं सुरू झाली. आत्याच्या मते नजर लागली. चुलतभावाच्या मते दुर्बीण बसवायला हवी. शेवटी महूहून एका निवृत्त सुभेदारांना बोलावलं. मूळचे साताऱ्याचे, नोकरीची शेवटची वर्षं महूच्या छावणीत काढून तिथेच घर बांधलेले. त्यांनी चहा बाजूला ठेवला, बोल्ट मागे ओढला, मॅगझिन काढली, आत बोट घालून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि मग म्हणाले, "आता बोला."

"वारा..." काकांनी सुरुवात केली.

"भाऊसाहेब, पाचही गोळ्या एकाच जागी पण भलतीकडे गेल्या असत्या, तर दोष नळीच्या टोकावरच्या माशीचा होता. ती सरकवली की काम झालं. पसरल्या, म्हणजे काहीतरी ढिलं आहे, काहीतरी मळलेलं आहे, नाहीतर..." पुढचं त्यांनी साताऱ्याच्या सभ्यतेने गिळलं.

ढिलं सापडलं. लाकूड आणि लोखंड एकत्र धरणारे स्क्रू पेचकसाने आणखी फिरले. मालखान्यातल्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आवळतं, आणि नळी दर वेळी नव्या जागी टेकते. मग त्यांनी बोल्ट काढून मागून उजेडाकडे पाहिलं आणि विचारलं, "साफ कशानं करता?"

काकांनी अभिमानाने लोखंडी गज आणला. तो आजोबांच्या काळचा, आणि घालायचा तोंडाकडून, कारण तिकडून सोपं जातं. सुभेदारांनी डोळे मिटले. गोळी नळीला शेवटचा निरोप देते ती तोंडाच्या कडेशी. तिथे गज घासून कड एका अंगाने झिजली, तर बाहेर पडताना गोळीला मागून वायूचा तिरका धक्का बसतो, आणि मग वाऱ्याला दोष द्यायला जागा मिळते. नळी मागून साफ करायची, दांडी पितळेची किंवा वेष्टण असलेली. नाहीतर फौजेत पिढ्यान्पिढ्या चालतो तो पुलथ्रू: दोरीला वजन, मागे चिंदी, एका ओढीत सरळ बाहेर.

पहिली चिंदी काळी आली. तिच्यात हळदकुंकूही होतं. काकू दर नवमीला नळीच्या तोंडाला भक्तिभावाने बोट लावते. काळं संपल्यावर अमोनियाचा द्राव घातला आणि चिंदी निळीशार आली. गोळीवरचं तांब्याचं आवरण खाचांमध्ये थरावर थर बसलं होतं, ते विरघळत होतं.

"तांबं?" काकू पुढे झाली. "मग पितांबरी लावा ना!"

"वहिनी, नळीत नको," सुभेदार कळवळून म्हणाले.

अमझेऱ्यात नळीतला मळ हसण्यावारी नेता येत नाही, हेही सांगायला हवं. जुन्या बंदुकांच्या काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळूनही घन रूपात मागे उरतो. 1853 च्या एनफिल्डला तीन खाचा होत्या, गोळी तोंडाकडून ठासायची, आणि थोड्याच बारांत नळी इतकी चोंदायची की गोळी आत जाईना. म्हणून काडतुसाच्या कागदाला वंगण आलं. ते गाईचं की डुकराचं, यावरून 1857 ला काय पेटलं ते आपण शाळेत शिकलो. कारणं आणखीही पुष्कळ होती, पण ठिणगी पडली ती या वंगणावरून. इथल्या राणा बख्तावरसिंहांनी त्या धामधुमीत इंग्रजांविरुद्ध हत्यार उचललं. 10 फेब्रुवारी 1858 रोजी त्यांना इंदूरला फाशी दिलं, आणि अमझेरा शिंद्यांकडे गेलं. आमचे पणजोबा इथे आले ते त्यामुळे. घराण्याचा इतिहास असा वंगणाच्या डब्याशी जाऊन भिडतो.

नळी चकचकीत झाली तेव्हा काकांना वाटलं, आता पदक. सुभेदारांनी थांबवलं. अगदी स्वच्छ, तेलकट नळीची पहिली गोळी बऱ्याचदा दुसरीकडे जाते. तेल पुसून आधी एक-दोन बार वाया घालवावे लागतात, मग नळी ताळ्यावर येते. ऑलिंपिकचे नेमबाजही हे करतात. आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटरवर कांस्य मिळवलं, त्या प्रकारात दहाचं वर्तुळ असतं 10.4 मिलिमीटरचं. तिथे काडतुसांच्या एकेका लॉटची परीक्षा घेऊन आपल्या नळीला मानवणारा लॉट निवडतात. काका हे ऐकून खूश झाले. दोष द्यायला आणखी एक जागा सापडली.

रेंजवर पुन्हा गेलो. ग्रुप बराच आवळला होता, पण एखादी गोळी खाली घसरायचीच. मग सुभेदारांनी काकांना पाठ फिरवायला लावलं, स्वतः राइफल भरली आणि हातात दिली. काकांनी श्वास रोखला, चाप ओढला. टिक्. बार झालाच नाही, कारण आत नकली काडतूस होतं. तरीही नळीने सगळ्यांदेखत चांगली चार बोटं खाली मान घातली. धक्क्याच्या भीतीने काका आधीच राइफल दाबत होते.

क्षणभर कुणी बोललं नाही. मग आत्या म्हणाली, "काडतूसच खोटं दिलं, त्याला तो काय करणार?" घरात हाच निकाल कायम झाला आहे.

तुमच्याकडे परवान्याची राइफल असेल आणि गोळ्या पसरत असतील, तर आधी ती रिकामी आहे ना हे दोनदा पाहा. मग स्क्रू, मग नळीचं तोंड, मग आतला मळ, मग दुसऱ्या लॉटची काडतुसं. एवढं करूनही भागलं नाही, तर कुणाकडून तरी गुपचूप नकली काडतूस भरून घ्या. फक्त तेव्हा नातेवाइकांना रेंजवर नेऊ नका.