पडद्यामागचा देवगड

एप्रिल लागला की मुंबई-पुण्याच्या नाक्यानाक्यावर देवगडचा हापूस विकायला येतो. देवगड तालुक्यात कलमं किती, यंदा मोहर किती आला, त्यातला वाऱ्यापावसातून वाचला किती, असला हिशेब तिथं कुणी मागत नाही. खोक्यावर ‘देवगड’ छापलं की झालं. आत कर्नाटकचा आंबा गवतावर निवांत पडलेला असतो. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी खोकी छापणाऱ्यांचा हात काही आखडला नाही. शेवटी 2025 च्या हंगामात देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने फळाफळावर वेगळ्या कोडचा स्टिकर लावायला घेतला. स्टिकरचा फोटो पाठवायचा आणि आंब्याची कुळकथा मिळवायची.

आंब्याला आज ना उद्या न्याय मिळेल. लॅपटॉपचा वाली कोण?

मालवणात राहून, समुद्र पाच मिनिटांवर असताना, माणसाला असला प्रश्न पडू नये. मला तो आमच्या आबांमुळे पडला. आबा दुपारी पडवीत बसून माझ्या लॅपटॉपवर दशावताराची रेकॉर्डिंगं बघतात आणि बघता बघता अडकित्त्याने सुपारी कातरतात. एका दुपारी राक्षसवध आटोपला, सुपारीचं अर्धं खांड कीबोर्डवर राहिलं आणि आबांनी झाकण लावलं. आबांची झाकण लावायची पद्धत पेटाऱ्यांच्या काळातली आहे. वरून तळहाताने दाबल्याशिवाय काही बंद झालं असं त्यांना वाटत नाही. संध्याकाळी उघडलं तर उजव्या कोपऱ्यात काळा डाग, त्यातून निघालेल्या रंगीत रेघा आणि डाव्या बाजूला तेवढा शाबूत राहिलेला संकासुर.

आबांनी शांतपणे निदान केलं, “पडदो पयल्यापासूनच नाजूक होतो.”

माझ्यापेक्षा जास्त हळहळला तो भाचा. तो देवबागच्या बोटीवर पर्यटकांना समुद्रात उतरवतो, खाली त्यांचे फोटो काढतो आणि रात्री माझ्या लॅपटॉपवर त्या फोटोंना रंगरूप देतो. “मामा, पाच पार्ट्यांचे फोटो द्यायचे आहेत,” म्हणत त्याने लॅपटॉप एचडीएमआयच्या वायरने टीव्हीला जोडला. टीव्हीवर सगळं स्वच्छ दिसलं. म्हणजे आतलं यंत्र ठणठणीत, बिघाड पडद्यात किंवा पडद्याच्या वायरीत. आमच्याकडे ही दुसरी शंका आधी घ्यावी लागते. खाऱ्या हवेने पिना हिरव्या पडतात आणि नुसती पुसून बसवली तरी सुधारेल अशा वायरीपायी लोक नवा पडदा घेऊन बसतात. आमच्या पडद्याला मात्र सुपारीचा पुरावा होता.

भाच्याने आधी बॅटरीची वायर सोडवली. वीज चालू असताना पडद्याचा कनेक्टर ओढला तर मागच्या दिव्यांचा फ्यूज उडतो आणि चार हजारांचं काम चौदाचं होतं. मग त्याने गिटारच्या पातळ पट्टीने काठाची चौकट उचकटली. गिटार घरात कुणाला येत नाही, पट्टी मात्र आहे. पडदा हलकेच पालथा केला आणि तिथं तो दिसला, स्टिकर.

झाकणावर एका बड्या कंपनीचं नाव चमकत होतं. पाठीमागे भलतंच नाव.

यात फसवणूक काही नाही, हे सांगायला हवं. लॅपटॉप विकणाऱ्या बहुतेक कंपन्या पडदे बनवतच नाहीत. ते येतात कोरियाच्या एलजी डिस्प्लेकडून, तैवानच्या एयूओ आणि इनोलक्सकडून, चीनच्या बीओईकडून, काही जपानच्या शार्पकडून. एकाच मॉडेलसाठी दोन-तीन जणांकडून माल घेऊन ठेवायचा, ज्याचा स्वस्त आणि वेळेवर मिळेल तो बसवायचा. त्यामुळे माझ्या मेहुण्याचा लॅपटॉप त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा, त्याच रंगाचा असूनही त्याचा पडदा वेगळ्या घराण्यातला. मेहुणा गेली दोन वर्षं “माझं चित्र जास्त ब्राइट आहे” म्हणत होता आणि मी ते त्याच्या स्वभावावर घालत होतो.

स्टिकरवरचा कोड वाचायला शिकलं की मात्र मजा येते. एलपीने सुरू झाला की एलजी, एलटीएन असेल तर सॅमसंग, एलक्यू म्हणजे शार्प, एनव्ही किंवा एनटी म्हणजे बीओई, नुसता एन आणि पुढे आकडे म्हणजे इनोलक्स, बी आणि पुढे आकडे म्हणजे एयूओ. 156 म्हणजे 15.6 इंच. पुढच्या अक्षरांत खरी गोम. एयूओचा ‘बी156एचएएन’ आणि ‘बी156एचटीएन’, दोन्ही फुल एचडी, फरक एका अक्षराचा. ए असेल तर बाजूने बघितलं तरी रंग जागेवर राहतात. टी असेल तर तो टीएन जातीचा, त्याच्याकडे समोरून आणि सरळच बघावं लागतं.

पडदा न उघडताही हे कळतं. प्रत्येक पडद्यात एक बारीकशी चिप असते आणि ती संगणकाला आपली तीन अक्षरी ओळख सांगते. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये मॉनिटरचा हार्डवेअर आयडी उघडला की एयूओ, बीओई, एलजीडी असं काहीतरी दिसतं. इनोलक्सचा पडदा स्वतःला सीएमएन म्हणवतो. 2010 साली तैवानच्या चिमेई आणि इनोलक्स एक झाल्या, पुढे पाटीवरून चिमेई हे नाव गेलं, पण पडद्यांच्या चिपमधून काही गेलं नाही. माहेरचं नाव आधार कार्डावर राहून जातं, त्यातलाच प्रकार.

या सगळ्या यादीत आपण कुठे, असा देशप्रेमी प्रश्न आबांनी विचारला. 2016 साली नागपूरकडे असे पडदे बनवण्याचा कारखाना काढायचा करार झाला होता. करार झाला, कारखाना झाला नाही. काच मुळात वाळूची, आणि वाळू तर आमच्याच जिल्ह्यात. कासार्ड्याच्या सिलिकाचे ट्रक वर्षानुवर्षं घाट चढताहेत. पण वाळू आणि पडदा यांच्यामध्ये जे काही लागतं ते अजून घाट उतरून खाली आलेलं नाही.

तर आम्ही कुडाळला गेलो. दुकानदार तरुण आणि हुशार. मोडका पडदा बघून त्याने मला विचारलं, “काका, ओरिजनल व्हयो की कंपॅटिबल?”

दोन्हींत फरक काय?

“ओरिजनल म्हणजे कंपनीचो. कंपॅटिबल म्हणजेपण कंपनीचोच.”

पुढे तो एका दमात ए ग्रेड, ए प्लस, पेपर एलईडी, स्लिम, नॉर्मल, तीस पिन, चाळीस पिन असं म्हणत गेला आणि मी मान डोलवत गेलो. यातलं कामाचं तेवढं सांगतो. जुन्या धाटणीच्या पडद्यांना साधारणपणे चाळीस पिना असतात आणि नव्यांना तीस. एकाची वायर दुसऱ्याला चालत नाही. काहींना वर-खाली स्क्रूसाठी पत्र्याचे कान असतात, काही बिनकानाचे असतात आणि चिकटपट्टीवर बसतात. 15.6 इंच सगळेच, पण कुणाची रुंदी 350 मिलिमीटर, कुणाची 360. कोड न जुळवता पडदा आणला तर हा एक सेंटिमीटर चौकटीच्या बाहेर राहतो आणि मग दुकानदार म्हणतो, “कानशीन मारू काय?”

त्याने दोन पडदे पुढे ठेवले. एक साडेतीन हजारांचा, एक साडेपाचचा. दोन्ही फुल एचडी, तीस पिन, दोन्ही एकाच कंपनीचे. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण तिचा दोष नाही.

भाच्याने दोन्ही आळीपाळीने जोडले आणि पेनड्राइव्हमधला एक फोटो लावला. समुद्राखालचा असेल असं मला वाटलं होतं. निघाला सोलकढीचा. तो म्हणाला, “मामा, पाणी कुणाला कसंही दिसतं. सोलकढीत कुणी फसत नाही.”

साडेपाचवर वाटीत सोलकढी होती, गुलाबी, वर कोथिंबीर, बघून भूक लागावी अशी. साडेतीनवर त्याच वाटीत एक फिकट, विटकरी छटेचं काहीतरी होतं. आबा खुर्चीतून पुढे वाकले.

“ही सोलकढी नाय. ही च्याय. आणि तीपण कोणीतरी पाणी घालून केल्यान.”

कारण साधं होतं. स्वस्त पडद्याच्या माहितीपत्रकात रंगांच्या पल्ल्यापुढे 45 टक्के लिहिलेलं असतं, महागाच्या 72. एनटीएससी नावाच्या जुन्या टीव्हीच्या मापाने हे मोजतात. 72 ला फोटोतले नेहमीचे रंग जवळपास सगळे पदरात पडतात. 45 ला लाल पूर्ण लाल होत नाही, तो केशरी-विटकरीत अडकतो, आणि कोकम तिथेच मरतं. भाचा इतके दिवस जुन्या पडद्यावर फिकट दिसणाऱ्या पर्यटकांना लाली चढवत होता. त्या मंडळींना घरी पोचल्यावर आपण देवबागच्या पाण्यात इतके लालबुंद का झालो होतो, हे कोडं पडलं असणार.

थोडक्यात, एलजी चांगला आणि बीओई वाईट, किंवा उलट, असं छातीठोकपणे सांगणाऱ्याला मी आता हात जोडतो. सगळ्याच कंपन्या भारी पडदे बनवतात आणि सगळ्याच भिकार बनवतात, गिऱ्हाईक जसे पैसे मोजेल तसे. अस्सल देवगडमध्येही साका निघतोच ना? पडद्यातला साका म्हणजे मेलेला ठिपका. फुल एचडी पडद्यावर 20 लाख 73 हजार 600 ठिपके असतात, प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन कप्पे. इतक्यात एखाददुसरा आंधळा निघाला तर तो दोष धरायचा नाही अशी सोय आंतरराष्ट्रीय मानकांतच करून ठेवली आहे. आंबेवाल्यांना हे कुणी सांगू नये.

दुकानदाराने शेवटचा प्रयत्न म्हणून तिसरा पडदा काढला. त्याहून स्वस्त, टीएन जातीचा. समोरून बरा दिसला. मग आबांनी त्यावर दशावतार लावायला सांगितला आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले, म्हणजे पडवीत बसतात तसे, खाली. टीएनकडे खालून बघितलं की काळं-पांढरं उलटायला लागतं. थोडा वेळ बघून त्यांनी जाहीर केलं, “राजा काळो आणि संकासुर गोरो. ह्यो पडदो नाटकाक चलाचो नाय.” आमच्या घरात एका लॅपटॉपसमोर पाच माणसं पाच उंचीवर बसतात. टीएन आणला असता तर प्रत्येकाला वेगळं नाटक दिसलं असतं, आणि घरात तेवढं नाटक आधीच आहे.

साडेपाचचा घेतला. चकचकीत की खरबरीत, एवढाच वाद उरला. पडवीत उजेड इतका की चकचकीत पडद्यावर माड, तुळस आणि स्वतःचं तोंड याखेरीज काही दिसत नाही. सौभाग्यवतीने फोनवरून निकाल दिला, “तुमचं तोंड दिवसभर बघायला मी आहे.” खरबरीत आला.

तेव्हा पडदा फुटलाच तर दुकानदार ‘ओरिजनल’ म्हणाल्यावर ‘कुणाचा?’ एवढं विचारा. पाठ दाखवायला सांगा, कोड अक्षरन् अक्षर जुळवा, फोटो काढून ठेवा. रंगांचा पल्ला किती टक्के ते विचारा. त्याला माहीत नसेल तर कोडवरून तिथल्या तिथे शोधून काढा. पैसे देण्याआधी पडदा जोडून समोरून, बाजूने आणि पायरीवर बसून बघा. सोलकढीचा फोटो मात्र घरून न्या, आणि तो हॉटेलातल्या सोलकढीचा नको. तिचा रंग मुळातच भरवशाचा नसतो.