स्टेपनी जिन्याखाली

ऑटोक्रॉसमध्ये एका वेळी एकच गाडी घड्याळाशी झुंजते. शंकूला धक्का लागला की दंडाचे सेकंद वाढतात. शनिवार पेठेत शंकूंच्या जागी उलट दिशेने येणाऱ्या दुचाक्या असतात आणि दंड तोंडी होतो.

इथला हौशी गडी 2005 साली भारतात आलेली स्विफ्ट ‘हलकी’ करतो. मागचं सीट, स्टेपनी, जॅक, पायपुसणी, सगळं वाड्याच्या जिन्याखाली. शर्यतीआधीच्या तपासणीत सुटी वस्तू चालत नाही, म्हणून आरशाला लटकलेला गणपती उतरतो. डॅशबोर्डावरचा चिकटवलेला, तो नियमात बसतो. वाचलेलं वजन सकाळच्या मिसळीत थोडंफार भरून निघतं.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेत फेरफार करू देत नाही, त्यामुळे सोमवारी सायलेन्सर पुन्हा जुना. मागचं सीट मात्र घरच्यांना रविवारी संध्याकाळीच हवं असतं. सारसबागेला जायचंय.